बुड टेकल्याशिवाय व्हिजिट नाही

इंग्रजीत हजारो क्रियापदं असली तरी माणसाला जगायला एकच पुरतं, असं आमच्या सरांचं मत होतं. ते क्रियापद म्हणजे 'व्हिजिट'. सर इंग्रजीचेच शिक्षक असल्यामुळे या मताचा शाळेच्या निकालावर व्हायचा तो परिणाम होत असे. दिवाळीपर्यंत इतरांचे सहा धडे होत, सरांचे तीन. पण त्यांच्या वर्गातल्या कोणत्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, तो व्हिजिट या क्रियापदाचा अर्थ, उपयोग, अटी आणि अपवाद घडाघडा सांगायचा.

सरांबद्दल लिहायला मी बसलोय त्याला आणखी एक कारण आहे. ते पुढे येईलच. बारा वर्षं टाळलंय, आणखी दोन पानं टाळलं तर चालेल.

गावाचं नाव सांगत नाही. कामरगावहून जीपने जावं लागतं, एवढं पुरे. तिथल्या शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो. शिक्षणसेवक म्हणजे तीन वर्षं नोकरी असतेही आणि नसतेही. तीन वर्षं नीट गेली तर माणूस कायम होतो, नाहीतर घरी. ती तीन वर्षं मी मुख्याध्यापकांच्या भुवया बघत काढली. त्या वर गेल्या की माझं पोट खाली जायचं. सरांना मात्र भुवया दिसायच्याच नाहीत. त्यांची चौपन्नी उलटत आली होती, आणि त्यांचं लक्ष शाळेपेक्षा गावात जास्त असायचं.

हे सगळं सुरू कसं झालं, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. एकदा वर्गात त्यांनी फळ्यावर 'व्हिजिट' लिहून वाक्यं करायला सांगितली. पहिलं पोरगं म्हणालं, साहेब शाळेला व्हिजिट देतात. दुसरं म्हणालं, डॉक्टर व्हिजिटला येतात. तिसऱ्याने तहसीलदार आणले. चौथ्याला साहेब उरले नाहीत, तो गप्प उभा राहिला. सरांनी त्याला हात दिला, "अरे, तुही मावशी नाही काय तुह्या घरी विजिट करत?"

पोरगं म्हणालं, "नाही सर. मावशी विजिट नाही करत. मावशी येते."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू ठेवला आणि घंटा होईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले.

"त्या दिवशी मले समजलं बावा," ते मला म्हणाले, "का हा शब्द साहेब लोकांनी पळवून नेला. आपल्या गावात विजिट म्हटलं का लोक गोठा झाडतात. हा मावशीचा शब्द हाय. मावशीले वापस दिला पाह्यजे."

वापस देण्यासाठी सरांनी जे केलं, ते त्यांच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. सरकारी शाळेत असो की संस्थेच्या, एक शेरेबुक असतं. साहेब येतो, शाळा बघतो आणि जाताना त्यात शेरा लिहितो. सरांनी कारंज्याहून अगदी तसंच खाकी पुठ्ठ्याचं, लाल कण्याचं रजिस्टर आणलं. लाल पेनाने रकाने आखले : तारीख, घर, शेरा, सही. आणि रोज शाळा सुटली की सायकलच्या कॅरिअरला ते लावून कुणाच्या ना कुणाच्या घरी जायला लागले. काम काही नाही. बसायचं, बोलायचं, देतील ते प्यायचं आणि उठताना रजिस्टर पुढे करायचं.

"शेरा लिहा."

"कशाचा?"

"माहा. साहेब शाळेत जाते तं साहेब लिहिते. मी तुमच्या घरी आलो तं तुमी लिहा. मी कसा आलो, कसा बसलो, काय वागलो."

गाव पहिले दोन महिने हसलं. मग गावाला लिहायची गोडी लागली.

ते शेरे मी वाचले आहेत. मला काही पाठ आहेत. 'मास्तर आले. बसले. गेले. तक्रार नाही.' एका घरचे म्हातारबा ग्रामपंचायतीत कारकुनी करून निवृत्त झालेले, त्यांनी लिहिलं होतं, 'पाणी दोन वेळा मागितले. वर्तणूक समाधानकारक. आवाजात सुधारणेस वाव आहे.' एका आजीने नातीकडून लिहून घेतलं होतं, 'मास्तर चांगला हाय पन लय बोलते', आणि खाली अंगठा. हा शेरा सरांना फार आवडायचा. आल्यागेल्याला ते तो वाचून दाखवत आणि मग त्यावर अर्धा तास बोलत. एका घरी सासू-सुनेचं पटत नव्हतं, तिथे एकाच तारखेला दोन शेरे आहेत. सासूचा : 'चहा गोड झाला.' सुनेचा : 'चहा मी केला.'

सर मूळचे इंझोरीचे, बौद्ध घरातले. आमच्या गावात पहिल्या वर्षी काही घरांनी त्यांना ओट्यावरच बसवलं. सरांनी ओट्यावर बसून गप्पा मारल्या, उठताना रजिस्टर दिलं. त्यातल्या एका घराचे शेरे ओळीने असे आहेत : 'ओट्यावर बसले.' मग दोन महिन्यांनी, 'ओट्यावर बसले. ऊन होते.' मग, 'आत बसले. चहा घेतला.' मी सरांना विचारलं, तुम्ही त्यांना काही बोललात का? सर म्हणाले, "मी काहून बोलू? लिहिताना वरची ओळ दिसते ना मानसाले. सोताचंच अक्षर असते."

व्हिजिटचे त्यांचे नियम कडक होते. फोन करून जायचं नाही. "फोन केला का घर आवरून ठेवतात. आवरलेलं घर म्हंजे कचेरी." दारात उभ्याने बोललेलं धरायचं नाही, बुड टेकल्याशिवाय व्हिजिट होत नाही. यजमान पहिल्यांदा 'बसा' म्हणतो ते तोंडातून येतं, दुसऱ्यांदा म्हणतो ते पोटातून, आणि तिसऱ्या 'बसा'ची वाट पाहणं म्हणजे मुक्काम. म्हणून दुसऱ्या 'बसा'ला उठायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, काम घेऊन जायचं नाही. दाखला हवा, वशिला हवा, बैलाचं औषध विचारायचं आहे, यातलं काहीही मनात घेऊन उंबरा ओलांडला की ती व्हिजिट बाद. ते काम.

तुरी तोडायच्या दिवसांत लोक घरी सापडायचे नाहीत, तेव्हा सर शेतात जात. बांधावर बसत. पण समोर घरची माणसं कामाला लागलेली, आणि हा गडी नुसता बोलतोय, हे त्यांनाच बरं वाटेना. मग तेही दोन दोन पेंड्या उचलू लागले. मी म्हटलं, "सर, हे तर काम झालं. व्हिजिट बाद."

सर थांबले. पेंडी डोक्यावर तशीच. बराच विचार करून म्हणाले, "काम माहं असन तं बाद. त्याइचं असन तं चालते." आणि हा अपवाद त्यांनी दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात लिहून दिला.

सोळा घरी सोळा चहा पिऊन त्यांचं पोट कायम जळायचं. खिशात पित्ताच्या गोळ्यांची पट्टी असायची. माझ्याकडे ते दर दुसऱ्या रविवारी येत. माझी बायको नवीन होती, आधी घाबरली. सरांनी खारट चिवडा शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत खाल्ला. तिने शेरा लिहिला, 'चिवडा खारट होता. बोलले नाहीत.' सर दुसऱ्या 'बसा'ला उठले. ते गेल्यावर ती म्हणाली, "आपल्याकडं आलेला हा पहिला मानूस, ज्याचं काही काम नव्हतं."

आता ते कारण.

शाळेची तपासणी होती. तपासणीचं पत्र आल्यापासून मुख्याध्यापकांच्या भुवया खाली आल्याच नव्हत्या. भिंतींना चुना झाला, पोरांना स्वागतगीत झालं, कुणाकडून तरी गुबगुबीत खुर्ची आणली. साहेब जीपमधून आले. वर्ग उभ्याउभ्याने पाहिले, कार्यालयात आले, खुर्चीकडे बघितलं आणि उभेच राहिले. उभ्यानेच चहा घेतला, बिस्किट घेतलं आणि म्हणाले, "शेरेबुक आणा."

कपाटाची चावी माझ्याकडे होती. त्याच कपाटात वरच्या खणात सर दिवसभर त्यांचं रजिस्टर ठेवत. खाकी पुठ्ठा, लाल कणा. मी आणलं, साहेबांपुढे ठेवलं आणि मागे जाऊन उभा राहिलो.

साहेबांनी उघडलं. वाचलं. पान उलटलं. अंगठा बघितला. मग मोठ्याने वाचलं, "'मास्तर चांगला हाय पन लय बोलते.' हे काय आहे?"

मला तेव्हा कळलं. तोंड उघडून तीन शब्द बोलायचे होते : चुकून आणलं, साहेब. माझी जीभ टाळूला चिकटली. तेवढ्यात सर पुढे झाले. त्यांचा चेहरा उजळला होता. अखेर एक साहेब त्यांचं पुस्तक वाचत होता! त्यांनी मावशीपासून सगळी हकिगत सांगितली. साहेब ऐकत होते, म्हणजे निदान थांबले होते. आणि मग सरांनी पेनचं टोपण काढलं.

"साहेब, तुमाले आजपर्यंत कोनी शेरा देलाच नसन. आज घेऊन जा. चहा आमच्या शिपायाच्या हातचा पेला तुमी, तं यजमान तोच." आणि शिपायाला म्हणाले, "सांग बापा, साहेब कसे वाटले?"

शिपाई भोळा माणूस. त्याने साहेबांना वरून खालपर्यंत नीट पाहिलं. म्हणाला, "साहेब चांगले हायेत. पन बुड नाही टेकवलं."

जीप गेली तेव्हा धुरळा बसायला फार वेळ लागला.

चार दिवसांनी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यांच्या हातात तयार कागद होता. संस्थेला खुलासा द्यायचा होता. सरांनी मुद्दाम, अधिकाऱ्याचा अपमान व्हावा या हेतूने, आपलं खाजगी रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं, असं त्यात होतं. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव टाईप केलेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचे किती महिने राहिले हो कायम व्हायला?"

"पाच."

"हं," ते म्हणाले, आणि भुवया वर गेल्या.

मी सही केली. पेन नीट चालत नव्हतं म्हणून दोनदा गिरवली. एवढं मी केलं.

सरांची बदली झाली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, रिठदच्याही पुढे. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. काकूंना इंझोरीच्या घरी ठेवून ते एकटेच जाणार होते. जाण्याआधीच्या रविवारी ते नेहमीसारखे माझ्याकडे आले. फोन नाही, काही नाही. बसले, चिवडा खाल्ला, या खेपेला मीठ बरोबर आहे म्हणाले. माझ्या सहीबद्दल एक अक्षर नाही. बायको माहेरी गेली होती, म्हणून उठताना रजिस्टर माझ्यापुढे आलं. तारीख आणि घर त्यांनीच लिहून ठेवलं होतं. मी पेन धरून बसलो. रकाना दोन बोटं रुंद. मला एक शब्द सुचेना.

"पुढच्या वेळी लिहितो सर," मी म्हटलं.

"चालते," सर म्हणाले. रजिस्टर मिटलं, कॅरिअरला लावलं आणि गेले.

पाच महिन्यांनी मी कायम झालो. पेढे वाटले.

त्यानंतर सर मला लग्नांत भेटायचे, कधी कारंज्याच्या स्टँडवर. मी म्हणायचो, येतो सर एकदा घरी. ते म्हणायचे, "हे मीट झालं बावा. मीट रस्त्यात होते. विजिट बाकी हाय." मी हसायचो, आणि घरी येऊन दोन दिवस बायकोशी नीट बोलायचो नाही. ते निवृत्त झाले, इंझोरीला राहायला गेले. कारंज्याहून इंझोरी काही लांब नाही. मी दर दिवाळीला ठरवायचो. कधी पाहुणे यायचे, कधी मीच पाहुणे बोलवायचो.

यंदा मी स्वतः मुख्याध्यापक झालो. उन्हाळ्याआधी आमच्याकडे साहेब आले होते. त्यांनी हजेरीपट मागितला, नवीन लागलेल्या बाईंनी धांदलीत खिचडीचं रजिस्टर आणून ठेवलं. साहेबांनी उघडलं, त्यात मटकी आणि तेल. बाई म्हणाल्या, "सॉरी सर, मीच चुकीचं आणलं," आणि जाऊन बरोबर घेऊन आल्या. झालं. छत पडलं नाही. साहेब हसले सुद्धा. मी मात्र उभा होतो तो खाली बसलो. बाईंना वाटलं, मी रागावलो.

त्या रविवारी मी इंझोरीची बस धरली.

सर ओसरीत बाजेवर बसून शेंगा फोडत होते. केस पांढरे, बाकी तेच. काकू आत चुलीपाशी. मला पाहून सरांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "ये बावा. बस," म्हणाले. मी बसलो. पाणी प्यायलो. आणि ग्लास खाली ठेवायच्या आत सगळं सांगून टाकलं. चावी, पुस्तक, जीभ, पाच महिने, दोनदा गिरवलेली सही. बोलताना मी रडलो. चाळिशी उलटलेला माणूस रडतो तेव्हा फार वाईट आवाज येतो.

सर शेंगा फोडत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "पुस्तक तूच आनलं हे मले तवाच माहीत होतं. कपाटाची चाबी तुह्याच पाशी होती ना."

"मंग तुमी बोलले काहून नाही सर?"

"बोललो असतो तं तुही नोकरी गेली असती. माही काय जाते? अन् खरं सांगू, तिकडं रिठदच्या बाजूले मी एकाही घरी गेलो नव्हतो! सारा मुलूख नवा. दुसरं पुस्तक भरलं माहं." ते उठून दुसरं पुस्तक आणायलाही निघाले.

आतून काकू म्हणाल्या, "याइची मज्या झाली. चार वर्षं मी इथी एकटी राह्यली, त्याचा शेरा कोन लिहीन?"

सर थांबले. परत फिरून बाजेवर बसले. काकूंनी चहा आणून माझ्यापुढे ठेवला. जरा जोरात ठेवला.

मग सरांनी जुनं पुस्तक काढलं. कणा उसवला होता. बोटाला थुंकी लावत त्यांनी ती ओळ शोधली. तारीख होती, घर होतं, शेरा रिकामा. "हे आधी भर," म्हणाले.

मी लिहायला लागलो. 'आदरणीय सर, माझ्या हातून...'

सरांनी हात धरला. "अर्ज नको लिहू. मी तुह्या घरी आलतो, त्याचा शेरा दे. दोन बोटं जागा हाय."

मी ते खोडलं आणि लिहिलं : 'सर आले. मी घरात होतो, पण भेटलो नाही.'

त्यांनी पुस्तक दूर धरून वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "चालते," म्हणाले.

मला फार हलकं वाटलं. आता आपली पाळी, म्हणून मी म्हटलं, "सर, आज मी आलोय. माझा शेरा?"

"तुहा कायचा?"

"व्हिजिटचा."

"हे विजिट कुठी हाय?" सर म्हणाले. "तू माफी मांगाले आलता. म्हंजे काम घेऊन आलता. बाद."

मी काकूंकडे बघितलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या की काय, ते मला कळलं नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बस धरली. बसमध्ये मन चाचपून पाहिलं. काही बोलायचं राहिलंय का? नाही. काही मागायचंय? नाही. उंबऱ्याशी सरांनी विचारलं, "काय काम काढलं?" मी म्हटलं, "काही नाही." हे म्हणायला मला इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. मग आम्ही तिघं बसलो. काकूंच्या तुरी सुपात होत्या. मी खडे वेचू लागलो. काम त्यांचं होतं, म्हणजे चालत होतं. काकूंनी त्या चार वर्षांतलं सांगितलं. विहिरीचा दोर तुटला ते, एकदा साप निघाला ते. मी ऐकलं. दुसऱ्या 'बसा'ला उठलो.

सरांनी नवं पुस्तक घेतलं, तारीख टाकली आणि पेन काकूंपुढे केलं. "घर तुहं हाय. तू लिही."

काकूंनी हात पुसले. मला नीट पाहिलं, शिपायाने त्या साहेबांना पाहिलं होतं तसं. मग ओठ हलवत, एकेक अक्षर जोडत त्यांनी लिहिलं, आणि वाळायला फुंकर घालून पुस्तक माझ्याकडे फिरवलं.

'आले. काम नव्हते. बसले.'